थांबलात, त्याबद्दल आभार

बाई, सप्रेम नमस्कार.

समोर उभं राहून आभार मानायला गेलो की माझी जीभ अडखळते, आणि तुम्हीही ‘असू दे हो, त्यात काय’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. तुमचं नाव यात नाही, शाळेचंही नाही. खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळा पुष्कळ आहेत, ओळखणारे ओळखतील.

आमच्या पोराला तुमच्याकडे घातलं तेव्हा त्याच्याबरोबर आधीच्या शाळेचं प्रगतिपुस्तक आलं होतं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं, ‘लक्ष नसते. उत्तर देत नाही.’ ती शाळा बेळगावातली. फी भक्कम, पाटी चकचकीत, आणि दर शुक्रवारी ‘क्रिएटिव्हिटी’चा तास. त्याचं किट वेगळं, किटचे पैसेही वेगळे. एकदा किटमध्ये फुलपाखरू आलं. छापलेल्या रेघेवर कापायचं, पंख पसरून पुठ्ठ्यावर चिकटवायचं. आमच्यानं पंख मिटून उभं चिकटवलं. का, तर घरामागच्या झेंडूवर बसलेलं फुलपाखरू त्यानं तसंच बघितलेलं. मॅडमनी ते उचकटलं आणि ‘नीट’ पसरून लावलं. पालकांना बोलावलं त्या दिवशी भिंतीवर सगळी फुलपाखरं एका मापाची, एका ओळीत. आणि तासाचं नाव काय, तर क्रिएटिव्हिटी!

भूगोलातही तेच. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई देगावला, दोन्ही आपल्याच तालुक्यात. मग एक पूर्वेला पार कूडलसंगमापर्यंत जाऊन कृष्णेला मिळते आणि दुसरी पश्चिमेला गोव्यात उतरते, असं का, हे पोरानं विचारलं. ‘पोर्शन संपवायचाय, बस खाली.’ हळूहळू त्यानं विचारणंच सोडलं. शाळेत सोडलं, मग घरातही.

पुढं आम्ही गावी परतलो. दाखला, आधार, सह्या ही सगळी भानगड इथं उगाळत नाही. पण एका सकाळी कसलासा राहिलेला कागद द्यायला मी वर्गाच्या दाराशी आलो आणि आत तास चालू होता म्हणून बाहेरच थांबलो. तेव्हा जे बघितलं त्यासाठी हे पत्र आहे.

टेबलावर एक फुटकं कौल होतं. ‘ह्याचं काय काय करता येईल?’ असं तुम्ही विचारलं होतं. पोरं सुटली होती. कोंबड्यांना पाणी ठेवायला, चुलीला टेकू द्यायला, लगोरीला, मांजराचं ताट म्हणून. तुम्ही एकेक फळ्यावर लिहीत होता, कशालाही हसत नव्हता. मग आमच्याला विचारलंत. तो उभा राहिला, कौल हातात घेतलं आणि गप्प. माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या बाकावरचा एकजण हात नाचवायला लागला, ‘बाई, मी सांगू? मी सांगू?’

तुम्ही खडू पेटीत ठेवलात. खिडकीला टेकलात आणि म्हणालात, ‘थांबा की जरा. तो विचार करूलालाय.’

एवढंच. आणि खरोखर थांबलात. वाट बघताना माणसं तोंडावर एक ओढूनताणून हसू आणतात, ‘चल बाळा, सांग’ म्हणून रेटतात, तसलं काही नाही. त्याच्या तोंडाकडेही तुम्ही बघत नव्हता. तो बघत होता त्या कौलाकडेच बघत होता. वर्ग गप्प झाला. मग तो म्हणाला, ‘पाऊस कुठनं येतो ते कळतं ह्याच्यावरनं. एका अंगाला शेवाळ जास्त हाय.’

तुम्ही शाब्बास म्हणाला नाहीत. चूक की बरोबर तेही सांगितलं नाहीत. ‘चला, बघूया’ म्हणून सगळी पलटण बाहेर काढलीत छपराकडं. पश्चिमेकडची कौलं हिरवी होतीच, पण पूर्वेला फणसाखालचीही हिरवी निघाली. एक मुलगी ओरडली, ‘मग सावलीनंबी येतंय की!’ तुम्ही म्हणालात, ‘दोघांचंबी लिहा वहीत.’ माझा कागद हातातच राहिला.

माझी मेहुणी बी.एड. करते, तिला हे सांगितलं. ती म्हणाली, यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी वर्गावर्गातून टेप करून ऐकलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंद थांबत होते. तेच ३ सेकंद किंवा थोडं जास्त थांबले, तर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणारी कमी झाली, आणि एरवी गप्प बसणारीही बोलायला लागली. ही १९७०च्या दशकातली गोष्ट. एका वस्तूचे नाना उपयोग शोधायला लावणंही तिकडं गिल्फर्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञापासून रुळलेलं आहे; तिथं वीट देतात म्हणे. आपल्या खानापुरात कौलच शोभतं. तुम्ही हे वाचून करता की आपसूक, मी विचारलेलं नाही. ३ सेकंदांना काही किट लागत नाही, एवढं मात्र मला कळलं.

त्या दिवसापासून पोराचं डोकं छपराला चिकटलंय. परवा जेवताना मधेच म्हणाला, ‘बाबा, आढ्यावरचं पाणी थोडं अंगणात येतं, थोडं परसात जातं. मलप्रभा आन् म्हादईचं तसंच झालंय. आपला घाट म्हणजे आढं.’ मी सुतार माणूस, निम्मा जन्म आढ्यावर गेला. मला हे कधी सुचलं नव्हतं. बेळगावात ‘बस खाली’ म्हणून दाबलेला प्रश्न त्यानं एवढे दिवस जपून ठेवला होता, हेही मला तेव्हाच कळलं.

बाई, थांबणारी माणसं कमी झालीत. जांबोटीच्या गाडीवर एक कंडक्टर आहे, गाठोडंवाली म्हातारी चढून बसेपर्यंत डबल बेल देत नाही. बँकेत एक पोरगी आहे, अंगठा सोडून सही शिकलेल्या आमच्या काकांना सावकाश सही करू देते, मागची रांग कितीही कुरकुरू दे. ह्यांचा सत्कार कोण करत नाही, बॅनर कोण लावत नाही. बॅनर लागतात ते निकालाचे, टक्क्यांसकट.

आता कामाचं. शाळेची पश्चिमेकडची काही कौलं सरकली आहेत आणि खालची एक रीप कुजली आहे. हे पोरानंच दाखवलं. पाऊस धरायच्या आत एका रविवारी येऊन बदलून देतो. लाकूड माझ्याकडं आहे. पैशाचं काढायचं नाही. फक्त शिडी शाळेची वापरीन, आणि किल्ली कुणाकडं मागायची तेवढं पोराजवळ सांगून ठेवा.

आपला,
तुमच्या वर्गातल्या त्या गप्प पोराचा बाप