भर पावसात खड्डा खणणाऱ्यांचे आभार

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या (आमच्या चर्चच्या) दफनभूमीचे व्यवस्थापक आणि खड्डा खणणारे दोघे भाऊ, नावं विचारली तर तुम्ही नुसते हसलात. म्हणून हे जाहीर आभार.

आई गेली ती ऐन जुलैत. हातभर खणलं की खाली पाणी. तुम्ही बादल्यांनी उपसत राहिलात, वर ताडपत्री धरलीत. आईला पेटी नको होती, साधं पांढरं कापड हवं होतं. मामा बिथरले: "आपल्यात असं करतात का?" व्यवस्थापकांनी त्यांना बाजूला नेऊन शांतपणे समजावलं. पॉलिश केलेलं लाकूड, आतलं प्लास्टिकचं अस्तर वर्षानुवर्षं कुजत नाही. जागा तर थोडी, तीच कबर पुढे दुसऱ्या कुणाला द्यायची असते. मामा गप्प झाले. (पटलं असं ते अजूनही म्हणत नाहीत!)

कॅथलिक चर्चने दहनालाही १९६३ सालीच मुभा दिली, हेही व्यवस्थापकांकडूनच कळलं. घरात मात्र पेटीवरूनच वाद.

वर चहापाण्याचे पैसेही घेतले नाहीत तुम्ही. महिन्याच्या मिस्सेला (आईसाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेला) तिघंही या, आणि जेवूनच जायचं.