सभासद कोण, ते एकदा ठरवा
(सहकार मंत्र्यांना खुलं पत्र)

माननीय सहकार मंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा मी कार्यवाह. पत्र मराठीत लिहितोय. राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायची मुभा घटनेच्या कलम ३५० नं दिलेली आहे. माझं गाऱ्हाणं भाषेचं नाही, तेव्हा त्यावरून कुणी कान टवकारू नयेत. आमच्याकडं संस्था एकीकडं आणि तिची माणसं दुसरीकडं, अशी अवस्था झाली आहे. संस्था नोंदणीचं काम आपल्या खात्याकडं येतं, म्हणून आपल्याला लिहितोय.

सीमाभागात संस्थांना तोटा नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात, मांडव गावकरीच घालतात. तालीम, भजनी मंडळ, महिला मंडळ, शिवजयंतीचं मंडळ, सोसायटी. कुठल्याही घरातला ट्रंक उघडा, कशाची तरी वर्गणीची पावती निघेल. पावती फाडली की माणूस सभासद, आणि सभासद झाला की वर्षातून एकदा उभं राहून 'हा खर्च कशाचा?' असं विचारायचा त्याला हक्क. सगळा व्यवहार एवढ्यावर चालायचा.

आता आमच्या वार्षिक सभेला या. व्यासपीठावर कार्यकारिणी, समोर आठ-दहा खुर्च्या भरलेल्या, त्यातले दोघं पेपर वाचायला आलेले. मी उठतो आणि पाठ झालेलं वाक्य म्हणतो, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे, अर्ध्या तासानं याच ठिकाणी पुन्हा भरेल.' अर्ध्या तासात चहा होतो. मग तेच लोक, त्याच खुर्च्या, आणि सगळे ठराव एकमतानं मंजूर. त्याच वेळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाचनालयाच्या नव्या कपाटावरून जुंपलेली असते. पुण्यात, गोव्यात, बंगळूरला नोकरीला गेलेली पोरं त्यात हिरिरीनं भांडत असतात. त्यातल्या बहुतेकांचं नाव आमच्या सभासद वहीत नाही. 'सभा कशाला घेताय काका, ग्रुपवर टाका की!' असं एकानं मला तोंडावर सांगितलं.

पोरांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पावसाळ्यात वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा समितीनं सभा बोलवायची तारीख ठरवेपर्यंत ग्रुपवर फोटो पडला आणि रात्रीत पैसे जमले. वर्षभराच्या वर्गणीत पत्र्याचे चार तुकडे आले नसते. पण जमले कुठं? एका पोराच्या वैयक्तिक खात्यावर, त्याच्या फोनवरच्या यूपीआयनं. पोरगा सज्जन आहे, पै न् पै दिली. उद्या तो नसेल तर? पावती नाही, ऑडिट नाही. वहीतल्या सभासदानं हिशेब मागितला तर मी म्हणणार, पैसे संस्थेचे नव्हते. देणाऱ्यानं मागितला तर म्हणणार, तू सभासद नाहीस. दोघांनाही मी कायद्यानं बरोबरच उत्तर देत असेन, हीच तर गंमत आहे.

पुढं ग्रुपवर पोल टाकला गेला: उरलेल्या पैशांतून पुस्तकं घ्यायची की स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिका? अभ्यासिका जिंकली. माझंही मत तेच होतं. पण निर्णय झाल्यावर समितीपुढं ठराव लिहून काढण्यापलीकडं काम उरलं नाही. ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही, ते म्हातारे सभासद या मतदानात नव्हतेच. एका ज्येष्ठ सभासद बाईंच्या नावानं ग्रुपमध्ये जो नंबर आहे तो त्यांच्या मुलाचा. मत कुणाचं पडलं, कुणास ठाऊक. शिवाय ग्रुपच्या अ‍ॅडमिनला कुणी निवडून दिलेलं नसतं आणि तो न पटणाऱ्याला एका बोटानं बाहेर काढू शकतो. मला हटवायला निदान सभा तरी लागते.

म्हणून ग्रुपच खरी संस्था, असं काही मी म्हणणार नाही. तो जत्रेतल्या गर्दीसारखा आहे, उत्साह भरपूर, जबाबदार कोणी नाही. पण माणसं तिथं आहेत, आणि वहीत नुसती नावं उरलीत.

मंत्रीमहोदय, सभासद कुणाला म्हणायचं हा प्रश्न आमच्या बेळगावला नवा नाही. १९२४ च्या डिसेंबरात इथं गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याची शताब्दी आपल्या सरकारनं थाटात केली. त्या अधिवेशनात सभासदत्वाची अटच बदलली होती: चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत. झेपलं नाही, तेव्हा पुढच्याच वर्षी चार आण्यांचा रस्ता पुन्हा खुला केला. अट बदलून पाहिली, नडली तशी सैल केली. एवढ्या मोठ्या संस्थेला जे जमलं ते आमच्या वाचनालयाला का जमू नये?

अडतं कुठं, ते सांगतो. आमची नोंदणी कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खालची. आमच्या जुन्या नियमावलीत सभेची नोटीस 'अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग', म्हणजे पत्र टाकल्याचा टपाल कचेरीचा दाखला घेऊन, पाठवावी असं छापलंय. ती सोय टपाल खात्यानं २०११ सालीच बंद केली. दुसरा पर्याय रजिस्टर पोस्टाचा, तेही २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं. नोटीस फोनवर पाठवून सभा व्हिडिओवर घेऊ का, असं एका कार्यालयात विचारलं, तर साहेबांनी 'हजेरी वहीवर सही पाहिजे' एवढंच म्हणून फाईल परत सरकवली. कंपन्यांना मात्र केंद्रानं २०२० पासून व्हिडिओवर वार्षिक सभा घ्यायची परवानगी दिली आणि पुढं ती वाढवत नेली. भागधारकाला जे चालतं ते पन्नास रुपये वर्गणीच्या सभासदाला का चालू नये?

तेव्हा मागणी अशी. छोट्या नोंदणीकृत संस्थांसाठी एक स्पष्ट परिपत्रक काढा. नोटीस फोनवर चालेल, पण फलकावरही लावलीच पाहिजे. सभा सभागृहात भरेल, पण दूरचा सभासद फोनवरून हजर धरला जाईल आणि त्याचं मत मोजलं जाईल. संस्थेच्या नावानं मागितलेला पैसा संस्थेच्याच खात्यात गेला पाहिजे, मग मागणारा कुणी का असेना. बाहेरगावच्या पोरांना वर्गणी भरून सभासद होण्याचा अर्ज फोनवरून करता यावा. मत हवं तर जबाबदारीही घ्या, असं मग मला त्यांना ठणकावून सांगता येईल. आणि परिपत्रकाबरोबर नियमावली दुरुस्तीचा एक नमुना मराठीतही द्या. आमच्या गावात वकील नाही, आणि शहरातल्या वकिलाची फी आमच्या वर्षाच्या वर्गणीएवढी आहे.

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाला आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येताच. तिथून आमचं गाव फार लांब नाही. सभेचं आमंत्रण देणार आहे. नोटीस पोस्टानं पाठवू की फोनवर, तेवढं कळवावं.

आपला,
एका गाव वाचनालयाचा कार्यवाह
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव