माय दर महिन्याला उपकेंद्रात जायची, तरी तिची किडनी गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मायला अकरा वर्षांपासून शुगर आणि बीपी. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव, उपकेंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, माय दर महिन्याला जायची, बीपी बघून, बोटातून शुगर तपासून गोळ्या घेऊन यायची, एक महिना चुकवला नाही तिने. गुडघे दुखतात म्हटलं की दुखण्याच्या गोळ्या पण मिळायच्या, त्या कितीतरी वर्षं खाल्ल्या. पायाला सूज यायला लागली तेव्हा आम्हीच म्हटलं वय झालं, आणि ती म्हणायची "माले काय बी व्हयेल नही". मागच्या होळीनंतर उलट्या थांबेनात म्हणून जळगावला नेलं तर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की हे वाढतं) 6.8. किडनीच्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की लघवीतून प्रथिनं जातात का हे आधी कधी तपासलं होतं? सगळी फाईल चाळली, अकरा वर्षांत एकदाही नाही. आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी चार तास.

मला सिस्टरचा राग नाही. मी जाऊन विचारलं तर त्यांच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाल्या दादा, गरोदर बाईची लघवी आम्ही पट्टी बुडवून बघतोच, पण शुगर-बीपीच्या पेशंटची पण वर्षातून एकदा बघायची असते हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. हे माझ्या डोक्यातून जातच नाही. पट्टी तिथंच कपाटात होती, बघणारा हात तोच, आणि माय समोर बसलेली होती. (पट्टीवर प्रथिनांची सुरुवातीची बारीक गळती दिसत नाही, त्याला लघवीचीच अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही तपासणी करावी लागते, पण निदान मोठी गळती तरी सापडली असती.)

क्रिएटिनिनचं पण तसंच. 1.4 आला की "थोडंसंच वाढलंय" म्हणून कागद परत हातात देतात. पण 25 वर्षांच्या पोराचा 1.4 आणि 60 वर्षांच्या बाईचा 1.4 एक नाही, वय आणि बाई-पुरुष धरून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) काढला तर पोराचा 70 च्या आसपास येतो आणि बाईचा 43 च्या, आणि तीन महिने 60 च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजारच. मोबाईलवर अर्ध्या मिनिटात निघतो हो हा आकडा. 30 च्या खाली गेला तर वाट न बघता किडनीच्या डॉक्टरकडे पाठवायचं, एवढं तरी सीएचओ (उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी) आणि सिस्टरना पक्कं माहीत पाहिजे.

दुखण्याच्या गोळ्यांचं तर मी परत परत सांगेन. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, माणूस केळीच्या बागेत राबून येतो, जुलाब-उलट्या लागतात, अंगातलं पाणी आटतं, त्यात बीपीची गोळी चालू आणि वरून दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, हे सगळं एकत्र आलं की चांगली किडनी पण बसू शकते, आधीच अर्धी गेलेली काय टिकणार.

अजून एक, केळीच्या पट्ट्यात राहून सांगतो. किडनीचं नाव निघालं की लगेच "केळी बंद, पाणी भरपूर प्या" असं सगळ्यांना सरसकट सांगतात. पोटॅशियम वाढलेलं असेल तर केळी बंद हे बरोबर, नसेल तर कशाला? आणि पायाला सूज असलेल्याने भरपूर पाणी पिऊन कसं चालेल? त्यापेक्षा उन्हाळ्यात घरोघरी डबे भरून ठेवलेले बिबडे-पापड, लोणचं, खारं कमी करा हे कोणी सांगत नाही. उलट लो सोडियम मीठ घ्या म्हणतात, आणि त्यात पोटॅशियमच असतं!

केंद्राच्या 2023 च्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात किडनीचा जुनाट आजार घेतलेला आहे, म्हणजे कागदावर सगळं आहे. माझी जिल्हा आरोग्य विभागाला विनंती आहे की दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्यांची मीटिंग होतेच, त्यातला एक तास किडनीला द्या, जळगाव-धुळे-नंदुरबारचे किडनीचे डॉक्टर बोलवा, मराठीत आणि आशाताईंसाठी अहिराणी-पावरीत शिकवा, नुसते स्लाईड दाखवून सोडू नका, खरे रिपोर्ट हातात द्या आणि आकडे काढायला लावा. मायची अकरा वर्षांची फाईल माझ्याकडे आहे, नाव झाकून झेरॉक्स काढून मी स्वतः घेऊन येतो. तिला विचारलंय, ती हो म्हणाली.

आपला,
एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव