आई-बाबा, घर बदललंय, पण आधी सगळं वाचा

प्रिय आई, प्रिय बाबा,

फोनवर सांगायला गेलं की आई रडायला लागते आणि बाबा "बरं बरं" करत फोन तिच्याच हातात देतात, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. ताईला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून. तर सांगायचं हे की मी शिकागोबाहेरचं, नेपरव्हिलचं घर सोडलं. सामान हललंय, वर्षभराच्या लीजवर सही झालीय. आता मी शिकागो शहरातच राहते, पिल्सन नावाच्या भागात. वस्ती बरीचशी मेक्सिकन आहे. दादाने इंटरनेटवर काहीबाही वाचून तुम्हाला घाबरवण्याआधी माझं ऐका.

नेपरव्हिलला सगळं होतं हे मलाही मान्य आहे. देशी दुकान, आपली माणसं, शांत रस्ता, आणि तुम्ही दोघं आलात तेव्हा आईला ते घर किती आवडलं होतं. पण आई, तू उन्हाळ्यात आली होतीस. हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो, ऑफिसमधून ट्रेनने घरी यायचं, गाडीवरचा बर्फ खरवडायचा, दार लावायचं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाशी एक शब्द नाही. त्या सगळ्या प्रकरणानंतर तर मला ते घर खायलाच उठायचं. तुम्ही कधी खोदून विचारलं नाहीत, ते मला कळत होतं, आणि त्याचं मला फार बरं वाटायचं.

मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने मला हम्बोल्ट पार्कला नेलं. ती पोर्तो रिको बेटावरच्या घरातली. तिथे डिव्हिजन स्ट्रीटवर पोर्तो रिकोचे दोन पोलादी झेंडे आहेत, रस्त्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत कमानीसारखे, ५९ फूट उंच, १९९५ साली उभारलेले. त्या दोन झेंड्यांच्या मधला रस्ता म्हणजे पासेओ बोरिकुआ. तिथे हिबारितो खाल्लं. हे सँडविच १९९६ च्या सुमारास शिकागोतच एका पोर्तो रिकन हॉटेलवाल्याने लोकप्रिय केलं, त्यात पावाच्या जागी कच्ची मोठी केळी दाबून, चपटी करून तळलेली असतात आणि वरून लसणाचं तेल. बिनमांसाचंही मिळतं, मी तेच खाल्लं. बाबा, तुम्हाला केळ्याचे काप आवडतात ना, तुम्हाला एक पुरणार नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जेवण झाल्यावर ती मला बोम्बा बघायला घेऊन गेली. पोर्तो रिकोत उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी जपलेलं हे संगीत आहे, तिथे गुलामगिरी १८७३ ला संपली, पण ढोल राहिले. हे ढोल पूर्वी रमच्या लाकडी पिंपांपासून करत, त्यावर बकऱ्याचं कातडं. एक खालच्या सुराचा ढोल ताल धरून बसतो, त्याला बुलेआदोर म्हणतात, आणि दुसरा चढ्या सुराचा, प्रिमो, तो बोलतो. शिवाय एक जण दोन काठ्यांनी लाकडावर वाजवत असतो आणि गाणारी मराका, म्हणजे खुळखुळा, हलवत असते. आता बाबा, नीट ऐका. नाचणारी आधी प्रिमोसमोर येऊन वाकून नमस्कार करते, मग घेरदार परकर दोन्ही हातांत धरून एक झटका देते, आणि त्या झटक्यावर प्रिमोवाल्याने थाप मारायची. तिने खांदा उडवला की थाप, पाय रोवला की थाप, थांबली की थांबायचं. म्हणजे इथे वाजवणारा नाचणारीच्या मागे जातो! तिच्या अंगावरची नजर एक क्षणही हटवून चालत नाही. तुम्ही भजनात बुवांच्या तोंडाकडे बघत पखवाज वाजवायचात तसंच त्याचं बघणं होतं, आणि मी एवढ्या अनोळखी माणसांत उभी राहून रडले. मग क्लास लावला. अजून माझा परकर गुंततो, पण शिकवणाऱ्या बाई म्हणतात की मला ताल आधीपासूनच येतो. तो कुठून आला हे मी त्यांना सांगितलंय.

त्यातून माणसं जोडली गेली, माणसांतून हे घर मिळालं. पिल्सन हे नाव चेक लोकांनी दिलेलं, एकोणिसाव्या शतकात ते इथे राहायचे, आणि १९५०-६० नंतर मेक्सिकन कुटुंबं आली, त्यातली बरीच तर इलिनॉय युनिव्हर्सिटीचं कॅम्पस बांधताना जवळच्या वस्तीतून उठवलेली. म्हणजे घर सोडून परत उभं करणं काय असतं हे या गल्लीला माहीत आहे. आता भाडी वाढतायत, जुन्या लोकांना परवडत नाही, म्हणून मी मोठ्या कंपनीची नवी बिल्डिंग बघितलीच नाही, एका म्हाताऱ्या मावशींच्या दोन मजली घरात तळमजला घेतला. त्या वर राहतात. मूळच्या मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या.

आई, या मावशींचा स्वयंपाक तुला बघायचाच आहे. आदल्या रात्री मका चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच ठेवतात, हो, पानाला लावतो तोच चुना. सकाळी तो मका हातात घेऊन चोळला की साल सुटून पिवळं पाणी निघतं, दोन-तीनदा धुवायचा, मग दळायचा. चुन्यामुळे पीठ चिकट होतं, मळलं की तुटत नाही, शिवाय मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. बाबा, हे तुमच्यासाठी: ज्या देशांनी मका नेला पण चुन्याची रीत नेली नाही तिथे गरिबांना ते जीवनसत्त्व न मिळाल्याने पेलाग्रा नावाचा आजार झाला. मग पिठाची गोळी प्रेसमध्ये दाबून सपाट तव्यावर टाकायची, दुसऱ्यांदा उलटली की टम्म फुगते. माझी पहिली फुगली तेव्हा मावशींनी टाळ्या वाजवल्या. शेवग्याच्या शेंगा सोडल्या तर कोपऱ्यावरच्या दुकानात मला काही कमी पडत नाही. पेरू, पपई, चिंच, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, सुळक्यासारख्या ढेपेचा गूळ. बीन्स घेताना फक्त विचारावं लागतं की चरबी घातलीय का, ते वाक्य मी पाठ केलंय. बीफ मी खात नाही, तो शब्द दिलाय तो दिलाय.

आता आई, एक गोष्ट तुला विचारून करायला हवी होती असं तू म्हणशील, पण वाईट वाटून घेऊ नकोस. २ नोव्हेंबरला इथे गेलेल्या माणसांसाठी घरात मांडण करतात, फोटो, पाणी, मीठ, मेणबत्ती, गोड पाव आणि भरभरून झेंडू. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आपल्या दसऱ्याला तिथून आला. मावशी म्हणाल्या तुझं कोणी असेल तर आण. मी अक्कांचा फोटो ठेवला, तो ओसरीवरचा, निवडणं पुढ्यात घेऊन बसलेला, आणि शेंगदाण्याचा लाडू. मावशींनी त्यांच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी अक्कांना जागा दिली आणि माझ्याकडून अक्कांचं सगळं ऐकून घेतलं. मला रात्रभर असं वाटत होतं की अक्का इथे येऊन गेल्या. श्राद्ध तिकडे दादा करतो ते तसंच राहू दे, त्यात काही कमी करायचं नाहीये मला.

काळजीचं म्हणाल तर घर तळमजल्यावर आहे, आईच्या गुडघ्यांसाठीच घेतलंय. जिना नाही, बाथरूमला धरायला दांडा मी लावून घेतलाय. रेडिएटर चांगला तापतो. पिंक लाइन ट्रेनचं स्टेशन चालत जवळ आणि त्याच्या पुढचं स्टेशन पोक, तिथे मोठमोठी हॉस्पिटलं ओळीने आहेत, बाबा, तुमच्या स्टेंटची फाइल घेऊनच या. चहाचं आलं, वेलदोडे, इंद्रायणी तांदूळ सगळं डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी दुकानांत मिळतं. गणपतीत महाराष्ट्र मंडळात गेले होते आणि पुढेही जाईन. मी त्यांना सोडलेलं नाही. दुपारी चालायला हॅरिसन पार्क आहे, तिथेच मेक्सिकन कलेचं नॅशनल म्युझियम, तिकीट नाही, बसायला जागा आहे. आई, तुला भरतकाम बघून वेळ जाईल.

तर मेच्या मध्याला यायचं, ऑगस्टपर्यंत राहायचं. जूनमध्ये पोर्तो रिकन परेड असते, जुलैअखेरीस इथे फिएस्टा देल सोल नावाची जत्रा. व्हिसा दोघांचाही चालू आहे, मी बघितलाय, सबबी नकोत. त्याच्या आधी बाबांनी ईसीजी आणि साखर दोन्ही करून मला रिपोर्टचे फोटो पाठवायचे, व्हॉट्सअॅपवर "सगळं नॉर्मल" असं लिहून चालणार नाही. टाकीवर चढायचं नाही, कितीही पाणी कमी येवो, शेजारच्या मुलाला सांगायचं. आईने रात्री बाथरूमला जाताना लाइट लावायची, बाबांची झोप मोडेल म्हणून अंधारात जायचं नाही, मोडू दे झोप. गुडघ्याचे व्यायाम दिवसातून दोनदा, सिरियल बघत केले तरी चालतील. आणि विट्याच्या काकूंना एवढंच सांगा की मी ऑफिसच्या जवळ राहायला आले, बाकीचं मी भेटल्यावर स्वतः सांगेन.

बाबा, येताना पखवाज आणायचा हट्ट धरू नका, विमानात फुटेल. मिरजेहून लहान ढोलकी मात्र बघून ठेवा, नीट गुंडाळून हातातल्या सामानात. शिकवणाऱ्या बाईंना मी सांगून बसलेय की बाबा येतायत.

तुमची,
छकुली