आगळाला सरबत म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उद्योजकांना सोशल मीडियाचे सल्ले देणारा लेख वाचला. ‘प्रत्येक पोस्टला भरपूर लोकप्रिय हॅशटॅग लावा’ हा त्यातला सल्ला मी आधीच पाळून झाले आहे, म्हणून लिहिते.

मी कुडाळ तालुक्यात रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, आगळ (मिठातला रस) आणि आमसुलं (वाळवलेल्या साली) करते. एप्रिल-मे एवढाच खेळ. वळवाची सर आली की अंगणातल्या साली उचलायला घरातली झाडून सगळी धावतात. इन्स्टाग्रामचं खातं पुण्याच्या भाच्याने उघडून दिलं. तेव्हा एका पोस्टला तीस टॅग चालायचे, त्याने तीसच्या तीस भरले. #फूडी, #इन्स्टागुड, #समर, #सरबत, काय काय. लाइक दोनशेच्या वर गेले. ऑर्डर एकही नाही. ‘पैसे भरा, तुमचा माल आमच्या पेजवर दाखवतो’ असे मेसेज मात्र नऊ.

पहिली ऑर्डर आली ती #सरबत वरून, आणि तीच अंगाशी आली. ठाण्याच्या एका ताईंनी दोन बाटल्या मागवल्या, पेल्यांत ओतल्या, वर गार पाणी आणि बर्फ घालून पाहुण्यांपुढे ठेवलं. आगळात साखरेचा कण नसतो हो! नुसता रस आणि मीठ, सोलकढीसाठी. त्यांचा फोन आला, ‘माल खराब निघाला, खारट लागतोय.’ पुराव्याला लालभडक पेल्यांचा फोटो. त्यांना काय बोलणार? टॅग मीच लावला होता. पैसे परत केले, बाटल्या ठेवून घ्या म्हटलं आणि सोलकढीची कृती पाठवली. (नारळाचं दूध घरी काढाल ना, हे विचारायचं धाडस झालं नाही.) आता त्याच ताई दर मे महिन्यात सहा बाटल्या नेतात.

तेव्हापासून माझे टॅग मोजके. #आगळ, #सोलकढी, #आमसूल, #कुडाळ. गोव्याचं गिऱ्हाईक आमसुलांना सोलां म्हणतं, म्हणून #सोलां. ‘#कोकम आगळ’ असं मध्ये जागा सोडून लिहिलं की कोकम तेवढं टॅग होऊन निळं होतं, आगळ बाहेरच राहतं. हे कळायला माझा एक हंगाम गेला. तशीही टॅगवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ उरलेला नाही. टॅग फॉलो करायची सोय इन्स्टाग्रामने 2024 च्या डिसेंबरात काढूनच टाकली. मला गिऱ्हाईक मिळवून देते ती फोटोखालची पहिली ओळ: ‘बिनसाखरेचं, मिठातलं आगळ, सोलकढीसाठी.’

आणखी एक. ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन मालावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. टॅगला कसला कागद लागतो? गेल्या वर्षी #सिंधुदुर्गकोकम खाली एक बाटली दिसली. फोटो मोठा करून लेबल वाचलं. घटकांत आधी साखर, मग पाणी, तिसरं कोकम आणि शेवटी रंग. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. कोकमात वरून रंग घालतात हे ऐकून सासूबाई हसत सुटल्या. त्यांच्या पातळावरचा रातांब्याचा डाग दोन वर्षं धुऊनही गेलेला नाही.

तालुक्याला बचत गटांची शिबिरं होतात, तिथे रीलला गाणं कुठलं लावायचं हे दिवसभर शिकवतात. त्यातला एक तास आपला माल दोन ओळींत, खरा, कसा लिहावा यासाठी ठेवावा. आपल्या पुरवणीनेही पुढच्या वेळी एखाद्या लोणचेवालीला किंवा पापडवालीला विचारून लेख छापावा. मला विचारायचं असेल तर मे सोडून कधीही फोन करा. मे महिन्यात माझे हात कोपरापर्यंत लाल असतात, फोन उचलता येत नाही.

आपली,
एक कोकम उत्पादक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग