आईच्या सकाळच्या चालण्याविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "बघू" म्हणते आणि बाबा दुसरेच काही बोलू लागतात, म्हणून मुद्दाम पत्र लिहीत आहे. आई, महिलांच्या त्या चालण्याच्या गटात मी तुझे नाव दिले आहे. गट चालवणाऱ्या बाईंशी माझे सविस्तर बोलणे झाले असून येत्या सोमवारी त्या तुझी वाट पाहतील. तुला न विचारता हे ठरवले याचे तुला थोडे वाईट वाटेल, हे मी जाणते. पण विचारले असते तर तू बाबांचे कारण पुढे केले असतेस, आणि बाबा, तुम्ही स्वतः "जा" म्हणाला असतात तरी ती गेली नसती.

शेजारच्या काकू मुलाकडे राहायला गेल्या तेव्हापासून, आई, तुझ्या दिवसात तुझ्या स्वतःच्या गप्पा उरलेल्या नाहीत. दादाचा आणि माझा फोन रोज येतो, पण त्यात औषधे, रिपोर्ट आणि नातवंडांचा अभ्यास यांपलीकडे फारसे काही नसते. आम्ही कितीही वेळा फोन केला तरी तुझ्या वयाच्या, तुझ्यासारखेच गुडघे दुखणाऱ्या आणि तुझ्यासारखेच रात्री जागणाऱ्या मैत्रिणीची जागा आम्हाला घेता येणार नाही.

बाबा, तुमची आबाळ होणार नाही याची सगळी व्यवस्था केली आहे. सकाळी कामाला येणाऱ्या मावशी त्या तासाभरात घरात असतील. औषधांचा डबा खालच्या कप्प्यात, तुमच्या हाताशी राहील, चष्मा आणि वर्तमानपत्र नेहमीच्या खुर्चीशेजारी असेल. आई घरी येईपर्यंत तुम्ही आंघोळीला मात्र जायचे नाही.

आई, तुला आठवते का, शाळेतल्या ज्या गोष्टी मी घरी कधीच बोलत नसे, त्या बसच्या थांब्यापर्यंत चालताना आपोआप तोंडून निघत? गणितात नापास झाल्याचेही मी तिथेच सांगितले होते, कारण तुझ्या डोळ्यांकडे पाहावे लागत नव्हते आणि तूही पुढे पाहत मुकाट्याने ऐकत होतीस. शेजारी शेजारी चालणाऱ्या माणसांना अवघड गोष्टी सोप्या जातात. मध्येच बोलणे थांबले तरी अवघडल्यासारखे होत नाही, कारण पावले चालूच असतात. इथे नवीन आल्यावर मी अशाच एका गटात जाऊ लागले आणि आज ज्यांना मी अडचणीच्या वेळी हाक मारते, त्या साऱ्या जणी मला तिथेच मिळाल्या. गटात सगळ्या बायकाच असल्यामुळे पाळी गेल्यानंतरचे त्रास, वारंवार लघवीला जावे लागणे, घरातली कुरबूर हे सगळे मोकळेपणाने बोलले जाते. वाटेत स्वच्छतागृह असेल असाच रस्ता आम्ही निवडतो, आणि तुझ्या गटातही तीच काळजी घेतात, हे मी आधीच विचारून घेतले आहे.

मात्र पहिल्या आठवड्यात मैत्री होईल, अशी अपेक्षा ठेवू नकोस. जुन्या बायकांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि नव्या माणसाला सुरुवातीला परके वाटतेच. अमेरिकेतील प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. आठवड्यातून चार दिवस एकेक तास चाललीस तर ५० तास व्हायला तीन महिने लागतील. तेवढे दिवस "मला तिथे करमत नाही" हे मी ऐकून घेणार नाही. दर वेळी वेगळ्या बाईबरोबर चाल, दहा मिनिटे आधी पोहोच आणि चालून झाल्यावर लगेच घराकडे धावू नकोस, कारण खरी ओळख बाकावर टेकल्यावरच होते.

बाबांच्या मोबाइलमधील दहा हजार पावलांचे तू दडपण घेतले आहेस, ते सोडून दे. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या जाहिरातीतून रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज साधारण २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी दिसले, आणि ७,५०० पावलांच्या पुढे हा फायदा फारसा वाढत नव्हता. सगळे केवळ चालण्यामुळेच घडले, असे यावरून म्हणता येत नाही, पण तुला धीर यायला एवढे पुरेसे आहे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतकाच वेग ठेव. धाप लागून बोलणे तुटू लागले तर वेग कमी कर. सर्वांत मागे असलेल्या बाईबरोबर चालायला तिथे एक जण नेमलेली असते, त्यामुळे तू एकटी मागे पडणार नाहीस.

आता माझे ऐक. रक्तदाबाची गोळी आणि गुडघ्याचा त्रास यांविषयी पहिल्याच दिवशी त्या बाईंना स्पष्ट सांग. लाजून लपवू नकोस. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांब, कोणाला तरी सांग आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. दादाचा आणि माझा नंबर लिहिलेला कागद जवळ ठेव, आणि बाबा, तिला अर्ध्या वाटेत फोन करून चष्मा कुठे आहे हे विचारू नका.

चालण्याचे बूट पाठवले आहेत. ते संध्याकाळी मोजे चढवूनच घालून पाहा, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि त्या वेळी जे नीट बसतात तेच सकाळी बोचत नाहीत. अंगठ्यापुढे थोडी मोकळी जागा राहायला हवी. घट्ट वाटले तर रविवारपूर्वी कळव, म्हणजे बदलून मिळतील.

तुमची लाडकी,
धाकटी