किल्ली कोणाकडे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निरोगी वार्धक्यासाठी चाललेल्या भागीदारीवर आपण कालच्या अंकात जवळजवळ पाऊण पान खर्ची घातलंत, त्याबद्दल अभिनंदन. फोटोही छान आलाय. दीपप्रज्वलनाला मान्यवरांची गर्दी, आणि ज्यांच्यासाठी दीप पेटला ती म्हातारी मंडळी मागच्या रांगेत, डोक्याच्या वरून कापलेली.

बातमीत म्हटलंय की संस्था, रुग्णालय, कंपनी आणि प्रशासन हातात हात घालून आता आमची काळजी घेणार. घेवोत बापडे. फक्त त्या इतक्या हातांपैकी एखाद्यात आमच्या बागेतल्या मुतारीची किल्ली असावी, एवढीच विनंती.

हसू नका. पहाटे साडेपाचपासून आमच्या बागेत ज्येष्ठांची वर्दळ असते. कोणी फेऱ्या मारतं, कोणी प्राणायाम करतं, कडुलिंबाखाली बायकांचा हास्यक्लब भरतो. तिथेच कोपऱ्यात स्वच्छतागृह आहे आणि ते उत्तम आहे, उगाच नावं ठेवणार नाही. कमोड आहे, धरून उठायला स्टीलचा दांडा आहे, पायरीऐवजी उतार आहे. दारावर लग्नपत्रिकेत असावीत तशी नावांची रांग: अमुक यांच्या निधीतून, तमुक यांच्या अथक प्रयत्नांतून, या कंपनीच्या सीएसआरमधून (म्हणजे समाजकार्याच्या निधीतून), देखभाल त्या संस्थेची. त्या रांगेखाली कुलूप. ते उघडतं नऊ वाजता. नऊला बागेत असतात माळी आणि कॉलेज बुडवून आलेली मुलं.

आमच्यात बहुतेकांना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, काहींची तर लघवी वाढवणारीच. पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास वेगळा. पुरुष एक वेळ कंपाउंडच्या भिंतीआड जातो, तेही या वयात शोभत नाहीच. बायकांनी काय करायचं? त्या तक्रार करत नाहीत, फक्त यायच्या बंद होतात. आमच्या गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. संध्याकाळनंतर पाण्याला शिवायच्या नाहीत आणि सकाळी चहासुद्धा न घेता बागेत यायच्या, का ते कोणाला सांगायच्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात बाकावरून उठताना त्यांना भोवळ आली. नशीब, माती होती, फरशी असती तर खुब्याचं हाड गेलं असतं. त्यानंतर त्या आल्याच नाहीत. आमच्या सौ.नी फोन केला तेव्हा म्हणाल्या, ‘‘गुडघ्यांचं आपलं निमित्त हो. खरं कारण काय सांगायचं चारचौघांत!’’ फिरणं गेलं, चार माणसांशी बोलणं गेलं. आता दिवसभर घरात असतात.

आणि ज्यांची नावं त्या दारावर आहेत त्यांनीच त्याच बागेत आरोग्य शिबिर भरवलं होतं! मांडव, बॅनर, प्रत्येकाला लोगोवाली पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली. बोट टोचून साखर बघितली, टाच यंत्रात घालून हाडं तपासली. हाडं सगळ्यांचीच ठिसूळ निघाली आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचं टेबल अगदी शेजारीच होतं, हा योगायोग असेल. शेवटी आहारतज्ज्ञ म्हणून एक मुलगी बोलली. मुलगी गोड होती, तिचा काही दोष नाही. ‘‘आजोबा, दिवसाला आठ-दहा ग्लास पाणी प्यायलाच हवं.’’ तिच्या पाठीमागे तेच कुलूप दिसत होतं. शिबिरात ज्यांची साखर वाढलेली निघाली त्यांची पुढे कोणी चौकशी केली नाही, हे सांगायलाच नको.

किल्लीची चौकशी मात्र मी केली. बागेच्या कार्यालयाने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, ठेकेदाराने संस्थेकडे, संस्थेने कंपनीकडे. कंपनीचं इंग्रजीत उत्तर आलं की काम केव्हाच हस्तांतरित झालं आहे आणि आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभार. खरं काय ते वॉचमनने सांगितलं. ‘‘आजोबा, पहाटे उघडलं तर रिक्षावाले घाण करून जातात. सफाईवाला येतो साडेआठला. तोवर बोलणी मी खायची?’’ म्हणजे सगळं अडलंय ते पहाटेच्या पाळीच्या एका सफाई कामगाराच्या पगारावर. बांधकामाला फीत कापता येते. दर महिन्याच्या पगाराची फीत कापायला कोण येणार?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने लेखी दिलं की पगारासाठी आम्ही वर्गणी काढतो, किल्ली आमच्याकडे द्या, सकाळी उघडायचं-लावायचं आम्ही बघू. उत्तर आलं, करारात तशी तरतूद नाही. ज्येष्ठांसाठीच्या या भागीदारीत ज्येष्ठ सोडून सगळे आहेत.

याच मुंबईत 13 मार्च 1995 रोजी डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालातल्या एका बागेत जेमतेम पाच माणसं जमवून हास्यक्लब सुरू केला. ना करार, ना बॅनर, आणि तो जगभर पसरला. गिरगाव चौपाटीवरचं ज्येष्ठांसाठीचं नाना-नानी पार्क 1999 मधलं. राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण 2013 मध्ये आलं. संयुक्त राष्ट्रांनी तर 2021 ते 2030 हे दशकच निरोगी वार्धक्याला देऊन टाकलंय, त्यातलं निम्मं उलटलं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या पात्र माणसाला साधनांसाठी एकदाच 3000 रुपये मिळतात आणि त्या साधनांच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कमोड खुर्चीही आहे. म्हणजे ही गरज सरकारला कळलेली आहे, पण घरापुरती. घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्याला ती लागतच नाही असा समज दिसतो. (मार्च 2020 मध्ये काढून घेतलेल्या रेल्वे सवलतीवर मी लिहिलेलं पत्र आपण छापलं नव्हतं. असो.)

आपल्या वार्ताहरांनी कालच्या बातमीत ‘ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर समाधान झळकत होतं’ असं लिहिलंय. त्यांना एकदा सकाळी सहाला आमच्या बागेत पाठवा. घरून निघताना दोन कप चहा आणि बाटलीभर पाणी पिऊन यायला सांगा, आणि नऊपर्यंत थांबायला सांगा. मग समाधानाबद्दल सविस्तर लिहिता येईल.

कळावे,
एक ज्येष्ठ वाचक, मुंबई

ता. क. : ज्येष्ठांवरची बातमी फिकट जांभळ्या चौकटीत पांढऱ्या बारीक अक्षरांत छापण्याची कल्पना कोणाची? भिंग घेऊन वाचावी लागली. शब्दकोड्याचे चौकोनही हल्ली आक्रसलेत, त्याचंही बघा.